गोणीतली माती आणि तिची प्रत

मारुंजीत आज माती विकत मिळते. रस्त्याकडेच्या नर्सरीत पाच, दहा, पंचवीस किलोच्या पिशव्या रचून ठेवलेल्या असतात. ऑनलाइन मागवली तर सोसायटीच्या गेटवर येऊन पडते. दहाव्या-पंधराव्या मजल्यावरच्या गॅलरीत तुळस, कढीपत्ता, मोगरा लावायला ती लागते. अलीकडे तिला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले आहे. काचेच्या टाकीत मासे आणि पाणवनस्पती एकत्र वाढवण्याचा छंद असलेले लोक ही माती टाकीच्या तळाशी पसरतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न असा, की कुठल्या गोणीतली माती घ्यावी?

उत्तर शोधायला गोणी उलटसुलट करून पाहिली तर तिच्यावर कंपनीचे नाव, वजन, एका टवटवीत रोपाचे चित्र आणि ‘सेंद्रिय’ हा शब्द सापडतो. माती कुठल्या गावची, शेताच्या वरच्या थरातली की खोल खड्ड्यातली, तिच्यात चुनखड किती, यातले काही सापडत नाही. मारुंजी मुळशी तालुक्यात येते. या भागातला शेतकरी एका बांधाच्या दोन बाजूंच्या जमिनींना दोन वेगळी नावे देत होता. मातीची विचारपूस करण्याची चांगली चारशे वर्षांची सवय या मुलखाला होती. ती सवय कशी लागली, कशी सुटली आणि टाकी लावणाऱ्याला आज तिचा काय उपयोग होईल, हे या लेखात पाहायचे आहे.

काचेत माती आली कशी

लंडनच्या पूर्व भागात नॅथानिएल बॅगशॉ वॉर्ड नावाचे एक डॉक्टर राहत. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीत पुरून झाकणाच्या बाटलीत ठेवला. कोषातून पतंग बाहेर येताना त्यांना पाहायचा होता. काही दिवसांनी मातीतून एक नेचा आणि गवताची पात उगवली. लंडनच्या कोळशाच्या धुरात त्यांच्या बागेतले नेचे जगत नव्हते, बाटलीतला मात्र तरारला. आतले पाणी वाफ होऊन काचेला चिकटत होते आणि पुन्हा मातीत उतरत होते. त्यातूनच पुढे काचेच्या बंद पेट्या तयार झाल्या. रॉबर्ट फॉर्च्यूनने १८५० च्या सुमारास चीनमधला चहा हिमालयाच्या पायथ्याशी आणला तो अशाच पेट्यांतून. आपण सकाळी जो चहा पितो त्याच्या इतिहासात वॉर्डची ती मूठभर माती आहे.

वॉर्डच्या पेटीत जमिनीवरची झाडे होती. पाण्यातला प्रयोग रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने केला आणि १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. सुमारे बारा गॅलनच्या काचेच्या पात्रात त्याने दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही लांब पात्यांची पाणवनस्पती लावली. तळाला त्याने वाळू, चिखल आणि दगड घातले होते. पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. वनस्पती प्राणवायू देते, मासा तो घेतो, माशाची विष्ठा वनस्पतीचे खत होते आणि उरलेसुरले गोगलगाय साफ करते. घरगुती मत्स्यालयाचा सगळा संसार त्या एका पात्रात होता आणि त्याच्या तळाशी चिखल होता. वॉरिंग्टनने लावलेली व्हॅलिस्नेरिया आपल्याकडच्या तळ्यांत आणि संथ ओढ्यांतही उगवते.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. मुंबईत मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उभे राहिले, त्याला डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूराची देणगी होती. मत्स्यालये वाढत गेली, पण घरगुती टाकीतून माती हद्दपार झाली. धुतलेली वाळू, रंगीत खडे, खड्यांखाली बसवलेली गाळणी, हवेचा पंप आणि प्लास्टिकची झाडे हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला थाट होता. माती घातली की पाणी गढूळ होते, माती म्हणजे घाण, असे दुकानदार सांगत आणि गिऱ्हाईक मानत.

वजूला पाणी मिळाले नाही तर पाक मातीवर हात टेकवून तयम्मुम करण्याची मुभा ज्या परंपरेत आहे, तिच्यात वाढलेल्या माणसाला ‘माती म्हणजे घाण’ हे वाक्य थोडे खटकतेच. तयम्मुमला कोणती माती चालेल यावर फिकहमध्ये बारकाईने चर्चा आहे. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी आहेत, त्यांच्याकडे वाळू, दगड, चुनाही चालतो. कोकणातले मुसलमान शाफई आहेत, ते हाताला धूळ लागेल अशा मातीचाच आग्रह धरतात. सगळी माती सारखी नसते आणि कोणत्या कामाला कोणती हे विचारावे लागते, इतके तरी या चर्चेतून कळते.

टाकीत माती परत आली ती दोन वाटांनी. जपानच्या निइगाता प्रांतातल्या ताकाशी अमानो या छायाचित्रकाराने १९८२ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि टाकीत डोंगर, कुरण, जंगल उभे करण्याची कला जगभर पोचवली. त्याच्या कंपनीने पुढे भाजलेल्या मातीचे काळे दाणे बाजारात आणले. ते पाण्यात लवकर विरघळत नाहीत आणि झाडांना सुरुवातीपासून अन्न देतात. ते महागही असतात. दुसरी वाट अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांची. १९९९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी म्हटले, की कुंडीत घालतो ती साधी माती सुमारे एक इंच पसरा, वर तेवढाच वाळूचा किंवा बारीक खड्यांचा थर द्या, झाडे दाट लावा आणि बाकीचे काम निसर्गावर सोडा. मारुंजीच्या फ्लॅटमधला माणूस साधी गोणी हातात घेतो, तेव्हा तो याच वाटेने चाललेला असतो.

पाण्याखालची शेती

वॉलस्टॅड यांच्या पद्धतीत नवे वाटणारे बरेच काही मावळ-मुळशीच्या भातखाचरात आधीपासून आहे. पावसात खाचर भरते, शेतकरी चिखलणी करतो आणि भाताचे रोप पाण्याखालच्या चिखलात उभे राहते. आंबेमोहर याच पट्ट्यात नावाजला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हे वाण दिले, तेही याच चिखलासाठी.

माती पाण्याखाली गेली की तिच्यात काय घडते, याची नीट मांडणी श्रीलंकेत जन्मलेले शास्त्रज्ञ फेलिक्स पोन्नंपेरुमा यांनी फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करताना केली. १९७२ चा त्यांचा प्रबंध या विषयात आजही आधाराला घेतला जातो. मातीच्या कणांमधला प्राणवायू बघता बघता संपतो. मग तिथले जिवाणू श्वसनासाठी आधी नायट्रेट, मग मँगेनीज, मग लोह वापरतात आणि शेवटी गंधकाकडे वळतात. तांबडे लोह पाण्यात न विरघळणारे असते, ते या बदलात विरघळणारे होते आणि त्याला जखडलेला स्फुरद मोकळा होतो. म्हणून पाण्याखालच्या मातीत झाडांना लोह आणि स्फुरद सहज मिळतात. भाताची मुळे स्वतः थोडा प्राणवायू बाहेर सोडतात, त्यामुळे उपटलेल्या रोपाच्या मुळांवर गंजासारखा तांबूस लेप दिसतो. टाकीतल्या पाणवनस्पतींच्या मुळांनाही हे साधते.

याच्या उलट बाजूचीही माहिती हवी. चिखलात ताजे शेण किंवा न कुजलेला पाला फार झाला, तर जिवाणूंचा हा प्रवास गंधकापर्यंत पोचतो आणि सडक्या अंड्यांचा वास येऊ लागतो. युरियासारखे खत असेल तर अमोनिया पाण्यात उतरतो. खाचरात वरून पाऊस पडत असतो, पाणी वाहते असते. बंद टाकीतल्या माशाला पळायला जागा नसते. म्हणूनच टाकीसाठी माती निवडताना ‘सुपीक तितकी चांगली’ हा हिशोब चालत नाही.

मातीला नावे होती तेव्हा

आपल्या जुन्या खेड्याचे दोन भाग मानले जात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती साठून वस्तीखालची जमीन पांढुरकी होते, म्हणून पांढरी. काळीतही पुन्हा भेद होते. गाळाची मळई, तांबडी, मुरमाड, बरड, चोपण, खारवट. हे शब्द ज्याला येत त्याला कोणत्या तुकड्यात ज्वारी आणि कोणत्यात हुलगा, हे वेगळे सांगावे लागत नव्हते.

सरकारदरबारी या जमिनीची मोजदाद सुरू झाली तेव्हा शब्दांत आणखी भर पडली. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. त्याच्या कारकिर्दीत जमिनीचा कस पाहून धारा ठरवण्याची रीत दख्खनमध्ये रुजली. पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी तीच रीत पुढे चालवली, असे इतिहासकार मानतात. शिवकालीन कागदांत जमिनीच्या प्रती अव्वल, दुम, सीम अशा येतात. यातला अव्वल अरबी आणि दुम-सीम फारसी आहेत. जिराईत, बागाईत, खरीप, रब्बी आणि खुद्द जमीन हे शब्द त्याच वाटेने आले. आजही सरकारी कागदावर गावाचे नाव ‘मौजे मारुंजी’ असे लिहितात, त्यातला ‘मौजे’ अरबी ‘मौजा’वरून आला. माती हा शब्द मात्र संस्कृत मृत्तिकेच्या घरचा. शेतात हे सगळे शब्द एकमेकांना धरून राहिले आणि कोणत्याही कुणब्याला त्यांचे मूळ विचारायची गरज पडली नाही.

मातीच्या प्रती लावणे हे फक्त महसुलाचे काम नव्हते. अकराव्या शतकात अंदलुसियातल्या टोलेडोत इब्न बस्साल या बागायतदाराने अरबीत शेतीवर ग्रंथ लिहिला आणि त्यात मातीचे दहा प्रकार सांगितले. प्रत्येकाचा स्वभाव, उन्हाळ्या-हिवाळ्यात ती कशी वागते, तिला कोणते खत मानवते हे त्याने नोंदवले. त्याही आधी रोमन लेखक कोलुमेलाने मातीची परीक्षा सांगितली होती. माती गोड्या पाण्यात कालवावी, पाणी गाळावे आणि चाखून पाहावे. टाकी लावणारा आज माती पाण्यात भिजवून पाण्याची तपासणी करतो. जिभेची जागा रंग बदलणाऱ्या चाचणीपट्टीने घेतली, एवढाच काय तो फरक.

नऊ प्रती आणि सात दोष

पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात नव्याने मोजणी केली. १८२० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने उत्पन्नातून खर्च वजा करून शेताचे निव्वळ मोल काढण्याचा खटाटोप केला. कागदावर तो सुबक होता, पण शेतावर बसलेला सारा जड निघाला आणि जमिनी पडीक पडू लागल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात नवी पद्धत आखली. १८४७ मध्ये डेव्हिडसन यांच्यासह त्यांनी जो संयुक्त अहवाल दिला, तो पुढे मुंबई इलाख्याच्या प्रतबंदीचा पाया ठरला.

या पद्धतीत प्रतकार शेतात जाई, शेताचे चौकोन पाडी आणि प्रत्येक चौकोनात माती किती खोल आहे ते खणून पाही. मातीचे तीन वर्ग होते. बारीक, एकसारख्या पोताची काळी ते गडद तपकिरी माती पहिली. थोडी भरड आणि बहुधा तांबूस अशी दुसरी. खडेमिश्रित, भुसभुशीत, फिकट अशी तिसरी. वर्ग आणि खोली मिळून नऊ प्रती होत. पहिल्या प्रतीचे मोल सोळा आणे आणि नवव्या प्रतीचे दोन आणे. ‘सोळा आणे खरे’ म्हणताना आपण पूर्ण मोलाच्या त्याच हिशोबात बोलतो.

प्रतीनंतर दोष पाहिले जात. असे सात दोष होते आणि प्रत्येक दोषागणिक माती एक प्रत खाली जाई. चुनखडीचे बारीक खडे असले तर चुनखड. वाळू मिसळलेली असली तर वालसर. जमीन उतरती असली तर उतरवट. कण एकमेकांना धरत नसले तर तो चौथा दोष, पाणी खाली झिरपत नसले तर पाचवा, वाहत्या पाण्याने माती धुपत असली तर सहावा. वरच्या थरात पाणी उपळून येत असले तर उपळवट.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ही यादी माशांच्या टाकीपुढे धरून पाहा. चुनखड आधी. चुनखडीचे खडे पाण्यात हळूहळू विरघळतात, पाणी कठीण आणि अल्कधर्मी होते. व्हॅलिस्नेरियाला आणि गप्पीसारख्या माशांना ते चालते, मऊ पाणी मागणाऱ्या नाजूक वनस्पतींना चालत नाही. शिवाय टाकीत बोअरचे पाणी भरत असाल तर ते आधीच कठीण असण्याचा संभव मोठा. कण धरून न राहणारी माती पाणी गढूळ करते. पाणी झिरपू न देणारी चिकण माती तळाशी तव्यासारखी बसते आणि तिच्याखाली सडका वायू साठतो. मागे उंच, पुढे सखल अशी माती रचली तर ती हळूहळू पुढे घसरते, तो उतरवट दोष. गाळणीचा झोत थेट तळावर सोडला तर थर उखडतो, तो धुपीचा दोष. वालसर मात्र टाकीत दोष राहत नाही, कारण मातीवर झाकण म्हणून आपण मुद्दाम वाळूच घालतो. आणि उपळवटीचे काय सांगावे, अख्खी टाकीच उपळवट!

विंगेटच्या प्रतकाराला माशांशी कर्तव्य नव्हते, त्याला सारा वसूल करायचा होता. पण सारा वसूल करण्यासाठीही त्याला उन्हात शेतात उभे राहून पहार मारावी लागली आणि मातीला सात प्रश्न विचारावे लागले. गोणी भरणाऱ्याला यातला एकही प्रश्न कोणी विचारत नाही.

पिंपळे सौदागर, १९१७

मारुंजीहून फार तर दहा-बारा किलोमीटरवर पवनेच्या काठी पिंपळे सौदागर आहे. आज तिथे मॉल आणि उंच इमारती दिसतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या खेड्याचा घरोघर फिरून अभ्यास केला. जमीन, पाणी, पिके, कर्ज, कुटुंबांचा जमाखर्च असे सगळे त्यात होते. १९१७ मध्ये निघालेले ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हे त्यांचे पुस्तक भारतातल्या एका खेड्याच्या सर्वांगीण पाहणीचा पहिल्या काही नमुन्यांपैकी एक मानले जाते.

त्यातले आकडे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत वारंवार येतात. १७७१ मध्ये या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ मध्ये ती ७ एकरांवर आली. १५६ जमीनमालकांकडे ७२९ तुकडे होते. त्यातले ४६३ तुकडे एक एकराहून लहान आणि ११२ तुकडे पाव एकराहूनही, म्हणजे दहा गुंठ्यांहून लहान. नुसत्या शेतीवर बहुतेकांचे भागत नव्हते, माणसे खडकीच्या कारखान्यात कामाला जात. पुढे १९४७ मध्ये मुंबई सरकारने तुकडेबंदीचा कायदा केला, त्यामागच्या चर्चेलाही अशा पाहण्यांचा आधार होता.

हे वाचताना आपल्या टाकीचे माप करून पाहावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद अशी टाकी दोन चौरस फूट जागा घेते. एका गुंठ्यात १,०८९ चौरस फूट असतात, म्हणजे अशा पाचशे चव्वेचाळीस टाक्या एका गुंठ्यात मावतील. मान यांना दहा गुंठ्यांचा तुकडा काळजी करण्याइतका लहान वाटला होता. आज या पट्ट्यात अनेकांच्या वाट्याला आलेली स्वतःची माती एवढीच आहे, दोन चौरस फूट. म्हणून तिची निवड नीट करावी, असे मला वाटते.

मारुंजीची माती कुठे गेली

हिंजवडीत आधी संत तुकाराम सहकारी साखर कारखाना व्हायचा होता. भूमिपूजनाला बोलावले असताना आपण कारखाना दुसरीकडे न्यायला सांगितले आणि ही जागा माहिती तंत्रज्ञानासाठी घेतली, अशी आठवण शरद पवारांनी अनेकदा सांगितली आहे. कारखाना कासारसाई-दारुंब्रेला गेला, हिंजवडीत आयटी पार्क उभे राहिले आणि शेजारच्या मारुंजीत टाउनशिप आल्या. या बदलाने हजारो घरांना रोजगार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. सोसायटीतल्या टाकीपुढे बसलेला माणूसही त्याच बदलाने इथे आलेला असतो.

पण इमारत उभी करायची तर आधी खोदावे लागते. वरची हात-दोन हात माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. डंपर भरून हे सगळे निघते आणि कुठे भरावाला, कुठे बागेला, कुठे नर्सरीला जाते. कायद्यानेही मातीची जात बदलली. ३ फेब्रुवारी २००० च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने रस्ते, रेल्वे, बांध आणि इमारतींच्या भरावासाठी वापरली जाणारी साधी माती गौण खनिज ठरली. त्यावरच्या स्वामित्वधनाचा वाद पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले, की माती नुसती खोदली एवढ्याने ही अधिसूचना लागू होत नाही, त्या मातीचा वापर कशासाठी झाला हे पाहावे लागेल.

मलिक अंबराच्या काळात जिची प्रत पाहिली जात होती आणि विंगेटच्या काळात जिचे आणे ठरत होते, ती माती या वादात ब्रासने मोजली जाते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. शंभर घनफूट मळई आणि शंभर घनफूट बरड यांत ब्रासला फरक दिसत नाही. शेतमातीचा वरचा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि जेसीबीला तो काढायला एक दुपार पुरते. मुरमाखाली दबलेली चांगली माती पुन्हा वर येत नाही. नाव जाते ते असे, आणि नावाबरोबर मातीही जाते.

गोणीला काय विचारावे

आता टाकीच्या कामाचे. नर्सरीत मुख्यतः तीन प्रकारच्या गोण्या मिळतात. पहिली ‘लाल माती’. तिच्यात लोह भरपूर असते, ती काळीइतकी फुगत नाही. टाकीसाठी ही बहुतेक वेळा सर्वांत निर्धोक. दुसरी काळी किंवा पोयट्याची. काळीचे चिकण कण अन्नद्रव्ये उत्तम धरून ठेवतात, पण ओली झाली की फुगते, जरा धक्का लागला की पाणी ढवळते, आणि देशावरच्या काळीत चुनखड असण्याची शक्यता नेहमीच असते. घ्यायचीच तर लाल मातीत चौथा हिस्सा मिसळून घ्यावी. तिसरी तयार कुंडीमिश्रणाची. तिच्यात कोकोपीट, गांडूळखत, शेणखत, निंबोळी पेंड आणि कधी पांढरे पर्लाइट असते. कोकोपीट आणि पर्लाइट तरंगतात, खते पाण्यात अमोनिया सोडतात. कुंडीसाठी ती उत्तम, टाकीसाठी नाही. रासायनिक खत मिसळलेली कुठलीही गोणी टाळावी.

घरी आणल्यावर एक चमचा कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकावे. फसफसले तर चुनखड आहे. मग काचेच्या बरणीत एक भाग माती आणि तीन भाग पाणी घालून हलवावे आणि रात्रभर ठेवावे. वाळू लगेच खाली बसते, पोयटा थोड्या वेळाने, चिकण माती सर्वांत शेवटी. सकाळीही पाणी गढूळच असेल तर चिकण फार आहे. विंगेटच्या प्रतकाराची तिन्ही वर्गांची परीक्षा या एका बरणीत होते.

माती पसंत पडली तर चाळून काड्या, मुळे काढावीत. बादलीत भिजवावी, वर तरंगेल ते फेकावे, पाणी ओतावे, उन्हात वाळवावी आणि हे तीन-चार वेळा करावे. यात न कुजलेला भाग बराचसा कुजून जातो आणि खतांचा क्षार निघून जातो. दोन फुटी टाकीत अडीच सेंटीमीटरचा थर द्यायला साधारण साडेचार लिटर माती पुरते. तिच्यावर तीन सेंटीमीटर जाडसर धुतलेली वाळू. पहिल्याच दिवशी झाडे दाट लावावीत, कारण मुळांचा प्राणवायूच तळ सडू देत नाही. मासे तीन-चार आठवड्यांनी सोडावेत, तेही अमोनियाची चाचणी शून्य आल्यावर. तोवर पाणी अधूनमधून बदलत राहावे.

आणि गोणी घेताना विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा, की माती कुठली आहे. बहुतेकदा उत्तर मिळणार नाही. कधी एखादा सांगेल, अमुक गावच्या तळ्यातला गाळ आहे किंवा तमुक ठिकाणच्या डोंगराची आहे. ते नाव टाकीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे. गाळ असेल तर आणखी बरे. तळ्यातला गाळ काढल्याने तळे खोल होते आणि कुणाच्या शेताचा वरचा थर त्यासाठी खरवडावा लागत नाही.

मारुंजीच्या ज्या जमिनी अजून शेतीच्या आहेत त्यांच्या सातबारावर ‘आकार’ नावाची एक छोटी रक्कम छापलेली असते, काही रुपये आणि काही पैसे. तिचे मूळ जुन्या प्रतबंदीत आहे. जमीन बिनशेती झाली की तो आकार जातो आणि त्या जागी चौरस मीटरचा हिशोब येतो. गावात अजून नांगर धरलेली म्हातारी माणसे आहेत. मळई आणि बरड यांतला फरक ते चिमटीत माती घेऊन सांगतील. टाकीसाठी माती शोधताना त्यांच्यापैकी एखाद्या आजोबांना नमुना दाखवावा आणि ते तिला काय नाव देतात तेही वहीत लिहावे.